सावलीत वाळवलेली बोंडं

पहिली बाटली शुक्रवारी भर दुपारी फुटली. ओफेलिया बार्रागान तव्यावर मिरच्या भाजत होती. कोठीतून असा आवाज आला की हातातला चिमटाच सुटला. दार उघडलं तर भिंतीवर फेस, पिठाच्या पोत्यात काच रुतलेली, आणि घरभर हॉप्सचा, म्हणजे बिअरला वास देणाऱ्या बोंडांचा, संत्र्याच्या सालीसारखा वास.

अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात सव्वीस हंगाम ती हॉप्स वाळवायच्या भट्टीवर राबली होती. बोंड तळव्यावर चोळून नाकाशी नेलं की ती सांगायची, अजून किती तास. मुकादमाचा ओलावा मोजायचा काटा नंतर तेच सांगायचा आणि शाबासकी काट्याला मिळायची. म्हणून यंदा तिनंच ठिणगी टाकली. हंगाम संपला की मालक मेजवानीला बिअरचे खोके पाठवतो, ते नकोत. आपल्या हातच्या हॉप्सची बिअर आपण प्यायची. भट्टीवरच्या सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मुकादम तेवढा म्हणाला, "बघा हं बाईसाहेब, साबणाचं पाणी पाजू नका."

मेजवानी परवा, रविवारी होती.

बिअर तिनं गॅरेजमध्ये केली. आंबून शांत झाल्यावर त्यात बोंडं घातली. उकळायची नाहीत, नुसत्या वासासाठी वरून सोडायची, वरणावर तूप सोडावं तशी. आणि तीही भट्टीतली नव्हेत. पोळलेल्या बोंडात जीव कुठं राहतो, असं म्हणत तिनं ती माळ्यावर जाळी अंथरून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवली होती. तीन दिवसांनी बाटल्या भरून बुचं ठोकली.

काच तशीच टाकून तिनं वेंडेलला फोन लावला. मॉल्ट, यीस्ट, बुचं, सगळं त्याच्याच दुकानातलं.

"भट्टी किती तापवली होतीस?" त्यानं विचारलं.

"भट्टी नाहीच. सावलीत."

"मग झालं कल्याण. अगं, हॉप्समध्ये एक पाचक द्रव्य असतं. आचेनं ते बरंचसं मरतं. तुझं जिवंत राहिलं. बाटलीत उरलेल्या पिठूळ अंशाची ते साखर करतंय, यीस्ट ती खातंय आणि गॅस सोडतंय. एक फुटली ना? बाकीच्या रांगेत उभ्या आहेत."

"भट्टीवालीला भट्टी शिकवतोस?"

"भट्टीवालीशिवाय ही चूक करणार कोण? बाकीचे मुकाट्यानं माझ्याकडचं भट्टीत वाळवलेल्या बोंडांचं पाकीट नेतात. ते राहू दे. बाटल्या आणखी कुणाकडे आहेत?"

कोठीत मावेनात म्हणून चोवीस बाटल्या तेन्चाकडे ठेवलेल्या. तेन्चा म्हणजे तिच्या लेकीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींच्या 'कोमाद्रे', आणि भट्टीवरची जोडीदारीण. तिचा फोन नुसता वाजत राहिला. आज सुट्टी ओफेलियाला होती; ती कामावर असणार, आणि घरात एकटे तिचे वडील. मेल्कियादेस. ठार बहिरे.

कोठीचं दार लावून, भट्टीवरचा चष्मा आणि कातडी हातमोजे उचलून तिनं गाडी काढली. वाटेत पुढं ट्रॅक्टर, वर हॉप्सच्या वेली लादलेल्या, बैलगाडीच्या चालीनं. तिनं भोंगा दाबून धरला, ट्रॅक्टरवाल्यानं शिवी हासडली, तिनं दोन परत केल्या.

म्हातारा टीव्हीपुढं बसला होता. पाय बाटल्यांच्या खोक्यावर.

"बाबा, उठा!"

"जेवलो, जेवलो."

"उठा म्हणते ना!"

"हो, मीठ जरा कमी होतं."

ओफेलिया गुडघ्यांवर बसली. खोक्याला धक्का लागू न देता तिनं त्यांचा एक पाय अलगद उचलून खाली ठेवला. मग दुसरा. आत कुठंतरी काच किणकिणली. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, पण पुसायला हात कुठला?

म्हातारा खाली वाकून बघत म्हणाला, "पाय धुतेस की काय? मी मेलो नाही गं अजून."

खुर्चीसकट ओढून तिनं त्यांना परसात बसवलं. मग खोक्यावर ओली गोधडी टाकून तो हळूहळू सरकवत बाहेर आणला आणि चष्मा लावून एकेक बूच उचकटायला घेतलं. फेस डोक्याच्या वर उडत होता. निम्मी बिअर पातेल्यात, निम्मी मातीत. तेविसावी बाटली उघडून ती हात झटकतेय तोवर तेन्चा कामावरून आली.

"कोमाद्रे! रविवारची बिअर परसात ओततेस? डोकं फिरलं का?"

ओफेलियानं सगळं सांगितलं. बाटल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "तेन्चा, चोविसावी कुठंय?"

तेन्चानं कामाच्या एप्रनशी चाळा केला. "मुकादमाला दिली सकाळी. म्हटलं, चव बघून तरी तोंड बंद ठेवील. गाडीत ठेवलीय त्यानं, सीटच्या बाजूला."

"उन्हात?"

"उन्हातच की."

ओफेलियानं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि नंबर लावला. सव्वीस वर्षांत तिनं त्या माणसाला एकदाही आपणहून फोन केला नव्हता.

"बोला बाईसाहेब," मुकादम म्हणाला. मागं इंजिनाची घरघर. "काय, साबण संपला का?"

"माझी बिअर बिघडलीय, चूक माझीय. बाटलीला हात लावू नकोस. गाडी थांबव आणि खाली उतर," ती म्हणाली. "आधी उतर रे, मग हस."