अर्ध्या अंगणाचे वैरागडे सर

वैरागडे सरांचा सगळा भरवसा उन्हावर, पण काम सुरू करायचे ते अंधारात. माझ्या कारखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हौदातलं लाल पाणी बादलीत घेतलं, पिशवीतली पांढुरकी माती त्यात टाकून ढवळली आणि वर पोतं झाकलं.

"सर, तुमची माती उन्हात काम करते म्हणता, मग झाकून काहून राहिले?"

"आधी पाहू द्या ताई, उन्हाशिवाय नुसती रंग पिते किती ते."

सर इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, राहायला शंकर नगरात. माझा बीरगावात दुपट्टे रंगवायचा कारखाना. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात रंग उकळून सुरुवात केली आणि दुकानदारांशी भांडून भांडून तो उभा केला. त्या वर्षी प्रदूषण कार्यालयाचे साहेब बजावून गेले, रंगीत पाणी गेटबाहेर दिसलं तर कुलूप. माझा एकुलता एक हौद काठोकाठ भरलेला. रंगवावं तर पाणी ओतायला जागा नाही, न रंगवावं तर लग्नसराईचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. स्वतःच्याच कारखान्यात मी कोंडली गेले होते, म्हणून सरांना बोलावलं.

पोतं काढलं तर पाणी जवळजवळ नितळ! "झालं की सर! साहेबांना बोलावतेच."

सरांनी तळाची माती चमच्याने काढली. ती गुलाबी झाली होती. कोमट स्पिरिटमध्ये टाकून हलवली, तर स्पिरिट लाल. "रंग लपला ताई, मेला नाही. ही माती तुम्ही नाल्याकाठी फेकाल अन् तो पुन्हा निघून येईल." लपला की मेला, हा त्यांचा कायमचा प्रश्न.

त्या मातीवर त्यांनी टायटॅनियमची पांढरी भुकटी चढवून भट्टीत भाजली होती. ऊन पडलं की ती रंग तोडते. नुसती भुकटी पाण्यात दुधासारखी तरंगत राहते, हाती लागत नाही. मातीला धरून मात्र खाली बसते आणि पुन्हा वापरता येते. इथवर मला पटलं. पण रंगीत पाण्यात ऊन खोल शिरत नाही, म्हणून पाणी उथळ ट्रेमध्ये पसरायचं. आणि ट्रे मांडायचे कुठे, तर दुपट्टे वाळतात त्या अंगणात!

"अर्धं अंगण लागन," सर म्हणाले.

"अन् माझे दुपट्टे काय तुमच्या डोक्यावर वाळवू?"

सरांनी टकलावरून हात फिरवला. "एखादा वाळन. ऊन चांगलं लागते इथं."

मी पाव अंगणावर आले. चहा पाजला, चिडले, रडायचीही तयारी दाखवली. "माझ्याशी भाव करून काय फायदा? ऊन ऐकत असन तर पाहा," एवढंच ते बोलले.

मग मी साहेबांनाच बोलावलं आणि पोत्याखालची बादली पुढे केली. साहेब खूश. "वाह मैडम, एकदम साफ! सर, आप लिख दीजिए, मैं पास कर देता हूँ।"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "ये अंधेरे का पानी है साहब। रंग मिट्टी में बैठा है।"

साहेब गेल्यावर मी सरांना वाट्टेल ते बोलले. "पेन्शन घरी येते न तुमची, म्हणून सुचते हे सारं!"

"बोलून घ्या," सर म्हणाले. "पण ट्रे कधी मांडायचे ते सांगा."

ट्रे मांडले. साहेबांनी काम सुरू करू दिलं, पण दुपट्टे वाळवायला अर्धंच अंगण, म्हणून माल निम्मा. माझी जुनी गिऱ्हाइकं गेली ती नाल्यात गुपचूप पाणी सोडणाऱ्याकडे. त्याला कोणी काही विचारत नाही. हे मी सरांना दर भेटीत ऐकवलं. ते स्कूटरवर यायचे, ट्रेमधली माती बोटांत चोळून पाहायचे, पांढरी दिसली की मान डोलवायचे.

गेल्या हिवाळ्यात ते दवाखान्यात होते. नाकात नळी. मी तिथंही सोडलं नाही. "सर, आता तरी थोडं अंगण सोडा न."

ते हसले. "आता ऊन कोवळं आहे. उन्हाळ्यात विचारजा. किती ट्रे उचलता येतीन, पाहून सांगतो."

सरळ नाही म्हटलं नव्हतं, असं पहिल्यांदाच घडलं होतं. मी खुशीत घरी आले. होळीच्या आधीच सर गेले.

आता ऊन असं तापलंय की पाणी दुपारच्या आत नितळ होतं, मातीही पांढरीच असते. काही ट्रे नक्की उचलता येतील. पण किती, ते सांगणारा माणूस राहिला नाही. मी ठरवलं तर ते माझ्याच सोयीचं ठरेल, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे. म्हणून सगळे ट्रे आहेत तिथंच आहेत. दुकानदाराचा फोन आला की माल उशिरा मिळेल म्हणून सांगते, आणि फोन ठेवून सरांवर चिडते.