किशनरावांचा तिसरा महिना

किशनराव मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ते खरं वाटलं नाही. ते नेहमी येत तसेच आले. दोन मोठ्या बॅगा, दोरीने बांधलेलं ब्लँकेट, बायकोसाठी, केवळाबाईंसाठी, अत्तराची बाटली आणि गल्लीतल्या मुलांसाठी चॉकलेटं. दर दोन वर्षांनी ते असे येत, दोन महिने राहत आणि जात. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं.

नांदेडला तरोडा नाक्याच्या मागे आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचं घर किशनरावांनी मस्कतच्या कमाईतून बांधलं, म्हणजे बांधून घेतलं ते केवळाबाईंनी. विटांवर पाणी मारताना, गवंड्याशी वाद घालताना मी त्यांना पाहिलं आहे. किशनरावांनी पाया पाहिला तो एका सुट्टीत आणि स्लॅब पाहिला तो पुढच्या सुट्टीत. त्यांचा मुलगा दयानंद शाळेत असताना माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई, तेव्हापासून आमचा घरोबा. गल्लीत त्या घराला अजूनही मस्कतवाल्यांचं घर म्हणतात.

किशनराव मूळचे हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातले. शेत भावांकडे राहिलं आणि हे एका ओळखीच्या माणसाबरोबर मस्कतला गेले. तिथे एका मोठ्या लाँड्रीत ते इस्त्रीच्या मशीनवर होते. हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी एका बाजूने ओल्या आत जात आणि दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर येत. त्यांच्या घड्या दोघांनी मिळून घालायच्या. पलीकडचं टोक बरीच वर्षं एका केरळी माणसाच्या हातात होतं. पुढे लाँड्रीने नवी मशीनं आणली, ती घडीही स्वतःच घालत. किशनराव अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते. त्यांचा हिशेब करून त्यांना घरी पाठवलं. हे सगळं त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

पहिले दोन महिने छान गेले. संक्रांत नुकतीच झाली होती. नातेवाईक आले, मटण झालं, हिमायतनगरचे भाऊ येऊन राहून गेले. केवळाबाई किशनरावांना चहा काचेच्या कपाटातल्या सोनेरी कडेच्या कपबशीत देत. स्वतः स्टीलच्या ग्लासात पीत. दुपारी एक वाजता तव्यावरून उतरलेली भाकरी त्यांच्या ताटात पडे. एरवी त्या पिको-फॉलच्या मशीनवर बसलेल्या असत आणि जेवायचं कधी तीनला, कधी चारला. सकाळी झाडताना त्यांच्या समोर कुणी बसलेलं असलं की, मग ती मी असो की साडी द्यायला आलेली बाई असो, त्या सरळ "पाय वर घ्या" म्हणत. किशनराव ओसरीत खुर्चीवर बसलेले असले तर मात्र तेवढी जागा सोडून झाडत. ते उठून आंघोळीला गेले की तिथलं उरकून घेत.

मार्चच्या मध्यावर दोन महिने संपले. नेहमी या सुमाराला बॅगा भरायच्या असत. या वेळी भरायच्या नव्हत्या, आणि मग काय करायचं ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावर मलप्पाचं किराणा दुकान आहे. तो देगलूरकडचा, बोलायला मोकळा. किशनराव बिडीबंडल घ्यायला गेले की तो हटकून विचारी, "काय मस्कतवाले, या बारी सुट्टी लई लांबली. शेखानं हाकललं का काय?" दुकानातली माणसं हसत, किशनरावही हसत. पण आठवड्याभराने त्यांनी बिड्या नाक्यावरून आणायला सुरुवात केली.

घरात त्यांना काही सापडत नसे. एकदा केवळाबाई बाजारात गेल्या होत्या आणि गच्चीवरची टाकी भरून पाणी वाहू लागलं. माझ्या अंगणात ते पडायला लागलं म्हणून मी पाहायला गेले तर किशनराव खाली उभे राहून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होते. बोअरच्या मोटारीचं बटण कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते जिन्याखाली, गॅसच्या सिलिंडरमागे होतं. मी जाऊन बंद केलं. त्यांचे कपडे अजून बॅगेतच होते आणि बॅग पलंगाखाली होती. कपाटात मोकळा कप्पा नव्हता. त्यांनी मागितला नाही आणि केवळाबाईंच्या ते लक्षात आलं नाही, कारण दोन महिन्यांसाठी कप्पा कधी लागलाच नव्हता.

त्याच दिवशी ते मला म्हणाले, "काकू, मला काई वाटंनाच झालंय. वाईट बी न्हाई, चांगलं बी न्हाई. तिथं रोज घराची याद यायची. आता घरात हाय तर ती बी येत न्हाई."

मी त्यांना पाणी दिलं. आमचे हे वारल्यावर मलाही बराच काळ तसंच झालं होतं, पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चअखेर दयानंदने त्यांना लातूरला बोलावलं. तो तिथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बायको आरती आणि लहानगी लेक सृष्टी तिथेच असतात. बदल होईल म्हणून किशनराव एसटीने निघाले. केवळाबाईंनी हातावर दही घातलं आणि धपाटे अन् शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. अशा वेळी मी माझ्या ओट्यावरच थांबते. केवळाबाई काही म्हणत नाहीत, पण मीच पुढे होत नाही.

दुपारी त्यांच्याकडे गेले तर ओसरीत दोऱ्यांचे तुकडे, कांद्याची सालं तशीच पडलेली होती. माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्या मागोमाग घर झाडू नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. बहुतेक घरांत तासाभरात उरकतात. केवळाबाई मात्र किशनराव मस्कतला पोचल्याचा फोन येईपर्यंत झाडूला हात लावत नसत. दीड दिवस, कधी दोन दिवस. किशनरावांचंही तसंच होतं. एकदा उंबरठा ओलांडला की ते मागे वळत नसत. एका वर्षी हैदराबादची गाडी पाच तास उशिरा होती. स्टेशन घरापासून ऑटोने दहा मिनिटांवर, तरी ते प्लॅटफॉर्मवरच बसून राहिले होते.

मी केवळाबाईंना म्हटलं, "लातूर म्हणजे काही मस्कत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "सवय लागलीय काकू. हात उठत न्हाई." संध्याकाळी लातूरहून फोन आला तेव्हा त्यांनी झाडून घेतलं.

लातूरलाही तेच झालं. मुलाने दोन दिवस सुट्टी टाकली, वडिलांना औशाचा किल्ला दाखवला, सुनेने रोज गोड केलं. तिसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या कामाला लागले आणि किशनराव हॉलमध्ये बसून राहिले. घरातल्या सगळ्या चादरी त्यांनी काढून पुन्हा घड्या घातल्या, कडेला कड लावून. आरतीने चांगल्या मनाने विचारलं, "बाबा, कंटाळा येतोय का? तिकीट काढून देऊ का?" ते आठव्या दिवशी परत आले.

आले ते एक गोष्ट ठरवून आले. त्यांच्याबरोबरचा केरळी माणूस आता मस्कतमधल्याच दुसऱ्या एका लाँड्रीत सुपरवायझर होता. त्याचा फोन आला होता. जुन्या पद्धतीच्या मशीनवर माणसं हवी होती, दोन वर्षांचा करार. हैदराबादच्या एजंटाकडे जायचं, मेडिकल करायचं आणि तिथूनच पुढे विमानाने जायचं. किशनरावांनी हो म्हणून टाकलं होतं. केवळाबाईंना त्यांनी जेवताना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई माझ्याकडे फॉल लावलेली साडी घेऊन आल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, पाहुणा म्हणून कितीही करता येतं, कारण जायचा दिवस ठाऊक असतो. दोन महिने दम धरता येतो. आता कुठवर धरायचा हे कळत नव्हतं, आणि तेवढ्यात त्यांनी जायचंच ठरवलं.

मी विचारलं, "ते जावेत असं वाटतं का तुम्हाला?"

"न्हाई वाटत."

"मग तसं सांगा त्यांना."

"कसं सांगू काकू? सत्तावीस वर्षांत मी त्यांना काईच सांगितलं न्हाई. जा म्हणलं न्हाई, थांबा म्हणलं न्हाई. ते यायचे, ते जायचे. मी आपलं दही द्यायचे." साडीची घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. "ते वाट बघून राहिलेत मी काई म्हणते का म्हणून. कळतं मला. तोंडच उघडत न्हाई."

किशनराव माझ्याशीही जवळपास तेच बोलले होते. थांब म्हणणारं कुणी नाही, मग तिथे काय आणि इथे काय, निदान तिथे काम तरी आहे. दोघांचं बोलणं माझ्यापाशी होतं आणि मी ते इकडचं तिकडे नेलं नाही. ते नेणं माझं काम नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं जाणं ठरलं. ऊन फार होतं. गाडी दुपारची होती. सकाळपासून धपाट्यांचा वास भिंतीवरून येत होता. बॅग भरायला वेळ लागला नाही, ती भरलेलीच होती. दीडच्या सुमाराला ऑटो दारात आला. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. केवळाबाईंनी दही दिलं, डबा दिला. किशनराव उंबरठ्याबाहेर आले, मला नमस्कार केला, ऑटोत बसले. केवळाबाई दारात उभ्या होत्या. ऑटो मलप्पाच्या दुकानापाशी वळला.

मी आत जाऊन आडवी झाले, तेवढ्यात पलीकडून झाडूचा आवाज आला. आधी मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या घरी असेल. आवाज थांबेना तेव्हा उठून गेले.

केवळाबाई आतल्या खोलीपासून झाडत आल्या होत्या. पलंग सरकवलेला होता, बॅग असायची तिथली धूळही काढली होती. पदर कमरेला खोचलेला.

"केवळाबाई," मी म्हटलं, "आत्ता तर गेले ते."

त्या थांबल्या नाहीत. "जाऊ द्या."

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तिथलं झाडलं, कचरा ओसरीच्या दारापर्यंत आणला. तेवढ्यात दारात ऑटो वाजला.

किशनराव बॅग घेऊन उतरले. गाडी चार तास उशिरा होती. स्टेशनवर बसायला जागा नव्हती, पंखे बंद होते, आणि बसून राहायचं त्यांना का कोण जाणे या वेळी जमलं नाही. हे त्यांनी दारातच सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. केराचा ढीग उंबरठ्याशी होता आणि केवळाबाईंच्या हातात झाडू होता.

ते उंबरठ्याबाहेरच थांबले. बॅग हातातच होती.

"झाडलंस?"

"हाव."

"मी निघाल्या निघाल्या?"

केवळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "लांब जाणाऱ्याच्या मागं झाडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "रोजच्या माणसाच्या मागं झाडतातच की. मलप्पाकडं गेला, नाक्यावर गेला, तर कुणी थांबतं का?"

किशनराव केर ओलांडून आत आले, बॅग भिंतीला लावली आणि ओसरीतल्या आपल्या खुर्चीवर बसले. मी उठून निघायला हवं होतं, पण दारात केर होता आणि केवळाबाई वाटेत उभ्या होत्या. त्या परत वळल्या. खुर्चीपाशी आल्या. त्या खुर्चीखाली सकाळपासूनचे दोऱ्यांचे तुकडे होते.

"पाय वर घ्या," त्या म्हणाल्या.

किशनरावांनी वर पाहिलं. मग दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. केवळाबाईंनी वाकून खुर्चीखालचं झाडलं, मागच्या कोपऱ्यातलंही ओढून काढलं. त्यांना घाई नव्हती. तेवढा वेळ ते पाय पोटाशी धरून बसून होते, आणि झाडून झाल्यावरही थोडा वेळ तसेच.

केर उचलला गेल्यावर मी घरी आले. गाडीची वेळ संध्याकाळी होऊन गेली. त्यांच्याकडे ऑटो आला नाही. रात्री केवळाबाई दोन धपाटे आणि चटणी देऊन गेल्या. म्हणाल्या, लई झालेत, दोघांना संपायचे न्हाईत. दुसऱ्या दिवशी एजंटाचे फोन आले असतील. किशनरावांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. किशनराव बदलले असं मी म्हणणार नाही. अजूनही मध्येच विचारलं तर म्हणतात, काई वाटत न्हाई काकू. बॅग पलंगाखालीच आहे, पण कपाटातला एक कप्पा केवळाबाईंनी रिकामा करून दिला आहे आणि त्यात कपडे कडेला कड लावून ठेवलेले असतात. मलप्पाने परवा पुन्हा विचारलं, सुट्टी कधी संपणार. किशनराव म्हणाले, "संपली." आणि बिडीबंडल घेऊन निघून आले.

सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून झाडूचा आवाज येतो. ओसरीपर्यंत आला की मध्येच थांबतो, केवळाबाई काहीतरी म्हणतात, आणि पुन्हा सुरू होतो.