पलीकडून धरलेला नट

मी कुंभकोणमला बाथरूम फिटिंगचं काम करतो. वीस-बावीस वर्षं झाली. भिंतीतून आवाज आला की पाइपमधली हवा काढायची, एवढंच मला ठाऊक. भूतबित कोणी बोललं की मी सरळ हसायचो... आम्ही तंजावरकडचे मराठी. हे लिखाण पुण्यात दिलेल्या माझ्या मुलीने सुधारून दिलंय, तरी काही जुनाट राहिलं असेल तर चालवून घ्या.

गोष्ट माझ्याच घरातली. नाचियार्कोविलच्या बसेस जातात त्या रस्त्याला लागून आमची गल्ली. गेल्या वर्षी अम्मा – माझी आई – न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. वॉकर आला. म्हणून फायबरग्लासचं शॉवर युनिट बसवायचं ठरवलं. तळ आणि तीन भिंती एकाच तुकड्यात, आत बसायला बैठक.

मदतीला सेल्वम. दहा वर्षांपासूनचा जोडीदार, अंगाने काडी. युनिट कोपऱ्यात उभं केलं, पण मागच्या भिंतीपासून हातभर सुटं. कारण मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाण्याचा नळ, बसवणं दोघांचं काम. एकाने आतून मिक्सर सरळ धरायचा, दुसऱ्याने मागे शिरून त्याला धरून ठेवणारा चेकनट पान्याने आवळायचा. मग युनिट भिंतीला सरकवायचं. मागे जायला वाट एकच, उजवीकडची.

दुपारचा एक वाजला असेल. सेल्वम पाना घेऊन मागे शिरला. कानात कापूस घालून मी युनिटच्या आतून ड्रिलने भोकं पाडली – मिक्सरची, आणि वर एक हँडशॉवरचं. मिक्सर आत घातला आणि म्हणालो, "सेल्वम, आवळ." मागून नट फिरला. माझ्या हाताला कळत होतं, चांगला आवळला जात होता. "झालं?" म्हटलं, तर पलीकडून दोनदा टकटक. वाटलं, तोंडात पान असेल.

मग हँडशॉवरच्या भोकाची कड गुळगुळीत झाली का बघायला मी बोट आत घातलं...

आणि पलीकडून कोणीतरी ते धरलं.

थंड. ओलं. घरातलं पाणी सकाळपासून बंद होतं, पण हे तेव्हा सुचलंच नाही. मी हसून म्हणालो, "विडुप्पा, सोड की, काम पडलंय!" सोडेना. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. डाव्या हाताने काढला, कानातला कापूस ओढला.

"अण्णा," फोनवर सेल्वम बोलत होता, "मी हॉटेलात आहे. तुम्हाला दहीभात पार्सल घेऊ?"

बोट तसंच अडकलेलं. उजवीकडच्या वाटेकडे बघायची हिंमत होईना. ओरडलो असेन, कारण वॉकर टेकत अम्मा दारात आली.

"काय जालं रे? कोणासीं बोलतोस?"

"सेल्वम... सेल्वम कुठाय?"

"तो जाऊन अर्धा तास जाला की! तुला सांगून गेला. तू ड्रिल करत होतास."

ती बोलत असतानाच पकड सुटली. एकदम नाही. एकेक बोट उचलल्यासारखी, सावकाश.

सेल्वम आल्यावर दोघांनी टॉर्च घेऊन मागे पाहिलं. कोणी नाही. भिंत कोरडी. जमिनीवर प्लास्टरची धूळ, त्यात फक्त सेल्वमच्या चपलांचे ठसे, आत गेलेले आणि परत बाहेर आलेले. पाना तो घेऊन गेला होता, त्याच्या पिशवीतच होता. आणि नट? आवळलेला. सेल्वमने जोर लावून पाहिला, तसूभरही हलला नाही.

"तुम्हीच लावला असेल, अण्णा," तो म्हणाला. मी समोरून हात घालून दाखवला. नटापर्यंत पोचत नव्हता. मग त्याने पाना पिशवीत टाकला. दहीभात तसाच राहिला.

डॉक्टर म्हणाले, ड्रिलने हात बधिर होतो, भास होतात. असेल. पण भासाने नट आवळला जातो का?

युनिट आता भिंतीला लागलंय, सिलिकॉन भरलंय. काढून टाकावं असं फार वाटलं. पण अम्माला काय कारण सांगणार? ती रोज तिथेच आंघोळ करते. मी दाराबाहेर उभा राहून दर मिनिटाला हाक मारतो. ती वैतागते, "मी काय लहान पोर आहे का रे?" तिला अजून सांगितलेलं नाही.

कशामुळे घडलं, मला माहीत नाही. विचारणाऱ्यांना तेवढंच सांगतो. काम सोडलेलं नाही. फक्त आता कुठल्याही घरात "आवळ" म्हणायच्या आधी मी पलीकडच्याला त्याचं नाव विचारतो. आणि उत्तर येईपर्यंत भोकाजवळ हात नेत नाही.