घटाशेजारचा नोड

आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये एक काळा डबा दिवसरात्र गुरगुरत असतो. येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, "हे काय गं?" मी हल्ली एकच उत्तर देते, "गोदाम." खरं उत्तर द्यायला गेलं की समोरच्याचा चहा गार होतो.

खरं उत्तर असं. काही लोकांना आपल्या फायली एकाच कंपनीच्या ताब्यात द्यायच्या नसतात. मग ते त्या फायली संगणकांच्या एका जाळ्यात टाकतात. तिथे फायलींचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला कुलूप लागतं आणि ते तुकडे माझ्यासारख्यांच्या घरच्या डिस्कवर येऊन पडतात. आत काय आहे ते मला दिसत नाही. कुणाचे लग्नाचे फोटो असतील नाहीतर कुणाचा प्रबंध. मधूनच जाळं विचारतं, "अमुक तुकडा आहे ना? दाखव." दाखवला की त्याची नोंद ब्लॉकचेनच्या साखळीवर होते, सगळ्यांच्या देखत, खोडता न येणारी. अशा घरच्या डब्याला नोड म्हणतात. नव्या नोडला आधी उमेदवारी करावी लागते. त्या काळात बंद पडलात की गेलात बाहेर. मग पुन्हा श्रीगणेशा.

मला ती उमेदवारी पार पाडायचीच होती. मुलगी झाल्यावर मी अंधेरीची नोकरी सोडली, ती सोडलीच. त्यानंतर ज्या ज्या ठिकाणी अर्ज केला तिथे "मधल्या काळात काय करत होतात?" हा प्रश्न आला, आणि "घर चालवत होते" हे उत्तर कुणालाच पुरलं नाही. कुणीतरी, अगदी यंत्राने का होईना, पुन्हा एकदा म्हणावं की हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. हसा खुशाल. मला ते हवं होतं.

नोड बसवणं म्हणजे दिव्यच होतं. डिस्क आणली, प्रोग्रॅम चढवला, पण बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरचं एक दार उघडायचं होतं, आणि त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे. तो आला आणि संशयाने डब्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, कुछ उलटासुलटा काम तो नहीं ना?" म्हटलं, "अरे बाबा, मी दोन वेळचा स्वयंपाक करून वर हे करते, उलटंसुलटं करायला वेळ कुठला?" त्याने दार उघडून दिलं, पण जाताना डब्याला लांबूनच नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं. नवरा म्हणाला, "लोकांचं सामान सांभाळतेस, माझे मोजे मात्र सापडत नाहीत."

डबा ठेवायचा कुठे? इन्व्हर्टरची लाइन फक्त हॉलला, आणि आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जाते. म्हणून डबा हॉलमध्ये, कोपऱ्यातल्या फळीवर. पंख्याचं वारं तिथे छान पोचायचं. सगळं कसं झ्याक चाललं होतं, आणि घट बसले.

सासूबाई खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा नवरात्रातला अखंड दिवा कधी विझलेला नाही, आणि ही गोष्ट बिल्डिंगमधल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. घटही हॉलमध्येच, कारण स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम वळू शकत नाहीत. पहिल्या माळेच्या दिवशी त्यांनी समई लावली आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली.

"आई, डबा तापेल हो!"

"तापू दे. दिवा इझला तर?"

ऑक्टोबरचा उकाडा, वर पंखा बंद. डिस्क फार तापली की आपणहून बंद पडते. मी काचेची चिमणी आणली, दिव्यावर घालायला. त्यांनी ती अशी उचलली, जसा काही मी उंदीरच आणला होता. "देवीला बरनीत कोंडतीस? परत कर." परत केली. मग मी डब्याशेजारी बर्फाच्या बाटल्या ठेवल्या, वर्तमानपत्राने वारा घातला. एकदा वारा जरा जास्त झाला आणि ज्योत आडवी झाली. त्यांनी वात सावरून माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं. चिडून मी सगळं सांगून टाकलं, की हे बंद पडलं तर मला बाहेर काढतील, पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं, आणि मला आता पहिल्यापासून काही करायचा कंटाळा आलाय. त्या वाती वळत होत्या. "कोन काडतं बाहेर?" एवढंच विचारलं. म्हटलं, "कुणी नाही, जाळं." त्यांनी पुढची वात घेतली.

शुक्रवारी मला वसईला बँकेत जाणं भाग होतं. तिथे टोकन हातात धरून बसले होते आणि फोन ओरडायला लागला. डब्याचं तापमान चढत होतं. घरी फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला. नाहीच. रांगेत माझा नंबर यायचा होता, पण मी उठले, रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला दोनदा म्हटलं, "दादा, जरा हाणा ना!" तो म्हणाला, "ताई, पुढे खड्डा आहे, हाणू कसा?" आणि मग फोनवर बघते तर तापमान उतरायला लागलेलं. म्हटलं संपलं, डिस्क बंद पडली, म्हणून डबा गार पडतोय.

दार उघडलं. हॉलमध्ये इन्व्हर्टरवर पंखा गरगर फिरत होता. घटावरची झेंडूची माळ हलत होती. डबा शांतपणे गुरगुरत होता, त्याच्यावरचा दिवा हिरवा. आणि समई विझलेली.

नोड वाचला याचा आनंद झाला असता तर बरं होतं. मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांचा दिवा, आणि तो माझ्यापायी! "आई!" मी हाक मारली.

"वरडू नको गो. हकडे ये, आनि दार लाव आदी."

आवाज स्वयंपाकघरातून. लाइट गेलेली, खिडकी बंद, फटीला टॉवेल कोंबलेला. आत त्या पाटावर बसल्या होत्या, समोर पणती, आणि दोन्ही हातांचा आडोसा. घामाने लुगडं पाठीला चिकटलेलं. फोन बाजूला पडला होता. उचलणार कोणत्या हाताने?

"डबा चटके देत होता. समईवरनं पनती लावून घेतली," त्या म्हणाल्या. "काजळी काडताना करतो तशी. ज्योत तीच हाय. मग पंका लावला."

"पण आई, घटापुढचा दिवा हलवलात? तुमचा नेम मोडला ना!"

"मोडला तर मोडला." त्यांनी पणतीत तेल सोडलं. "माझी देवी मला वळखते, इतक्या वर्सांची. तुझं ते जालं तुला अजून वळखत नाय."

मी दार नीट लावलं आणि त्यांच्यासमोर बसून पणतीच्या दुसऱ्या बाजूने हात धरले.