मले गरमी होऊन राहिली!

थायरॉइडच्या पेशंटांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. हा आजार माणसाला गप्प बसूच देत नाही! सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका इस्पितळात मी ओपीडीत नवा डॉक्टर होतो. आमच्या मोठ्या सरांना एकच ध्यास, गळ्यातली ही ग्रंथी जास्त काम करू लागली की लवकर पकडायची. उशीर झाला तर हृदयाला भोगावं लागतं.

*

मी साताऱ्याचा. आमच्याकडे 'गरमी' म्हणजे गुप्तरोग, कुजबुजत सांगायचा. पहिल्याच आठवड्यात मिलमधला एक कामगार बायकोसमोर खणखणीत आवाजात म्हणाला, "मले बहुत गरमी होऊन राहिली, डॉक्टरसाहेब!"

मी बायकोला बाहेर बसवलं. हळूच विचारलं, "कुठं जाणं-येणं असतं का?"

"हो जी. दर शनिवारी सावनेरले."

"बायकोला माहीत आहे?"

"तीच धाडते ना जी! तिची माय राहते तिथं."

पडद्यामागून सिस्टर मेश्राम म्हणाल्या, "सर, त्याले नुसतं उकडून राहिलं. नाडी पाहा!"

नाडी एकशे तीस. गरमी थायरॉइडची निघाली, आणि घाम मला फुटला.

*

सर म्हणत, "मे महिन्यात घामाघूम होतो तो नागपूरकर. डिसेंबरात होतो तो पेशंट!"

नंदनवनचे एक दुकानदार भर डिसेंबरात नुसत्या बनियनवर आले. "पंखा लावा ना जी."

सिस्टर दोन स्वेटर घालून बसलेल्या. "पंखा लावला तर मीच ॲडमिट होईन!"

आम्ही हसलो. मग कळलं, गृहस्थ दोन वर्षं ऊन लागलं समजून कांद्याचा रस पीत होते. कार्डिओग्राम पाहिला आणि हसू मावळलं. त्यांचं हृदय थकून गेलं होतं. मला अजून वाईट वाटतं. कुणी नुसती नाडी धरली असती तरी वेळेत कळलं असतं.

*

एका गुरुजींचे डोळे असे वटारलेले, की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. हेडमास्तर खूश! औषधानं पापण्या खाली आल्या, हात थरथरायचे थांबले. महिन्याभरानं गुरुजी तक्रार घेऊन हजर.

"तब्येत सुधारली जी, पण वर्गातले पोट्टे बिघडले!"

*

कन्हानची एक नवी सून. सासूच घेऊन आली होती, सोबत सुनेच्या कपड्यांची भरलेली पिशवी.

"चौघींचं खाते, अन् काडी होऊन राहिली. बोललं का अंगावर येते. बाहेरचंच आहे काही. तुमच्यानं होत नसन तर सांगा, इथूनच हिले माहेरी पोचवते."

पोरगी मान खाली घालून थरथरत्या बोटांनी पदर गुंडाळत होती. सरांनी तिचा गळा चाचपला, नाडी पाहिली.

"बाहेरचं काही नाही, बाई. जे आहे ते गळ्यात आहे, आणि तुम्ही वेळेवर आणलीत."

गोळ्या सुरू झाल्या. सून पिशवीसकट कन्हानला परत गेली.

सहा महिन्यांनी दोघी आल्या. सून अंगानं भरली होती, शांत होती. सासू मात्र घुटमळत होती.

"साहेब, गोळी अर्धी करता येते का जी?"

"काहून?" सरांनी विचारलं.

"पहिले चौघींचं काम एकटी करे. आता एकीचंच करते!"

सर काही बोलायच्या आत सून सासूकडे पाहत म्हणाली, "गोळी पुरीच राहू द्या, डॉक्टरसाहेब. अर्धं काम आत्याबाईले लिहून द्या!"