तीन हाकांची बंदूक

माझ्या थोरल्या मामांइतका बंदुकीला भिणारा बंदूकवाला उभ्या मुरबाड तालुक्यात दुसरा झाला नसेल. बंदूक त्यांचीच होती, ठासणीची, आजोबांच्या वेळेपासूनची. शेतराखणीचा सरकारी परवानाही त्यांच्याच नावावर. तरी खुंटीवरून ती उतरवताना ते झोपलेलं पोर पाळण्यातून उचलावं तसे उचलायचे. नळीत दारू नसली तरी तिचं तोंड माणसाकडे, गुराकडे, देवाच्या फोटोकडे होऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे बंदूक उतरली की मामी, मी आणि मांजर एका कोपऱ्यात, आणि मामा घरभर गोल फिरत तिच्यासाठी मोकळी दिशा शोधताहेत, असा देखावा व्हायचा. शेवटी ते अंगणात जाऊन नळी आभाळाकडे धरायचे आणि सुटल्यासारखे म्हणायचे, "वर कोन नाय."

बंदुकीची भीती होती तेवढाच परवान्याचा अभिमान. ते छोटं पुस्तक प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात असायचं. फोटो आणि गोल शिक्का असलेला कागद तेव्हा गावात फार कुणाकडे नव्हता, म्हणून मामा तो रेशनच्या दुकानातही दाखवायचे आणि सोयरीक बघायला गेल्यावरही. नव्वदच्या दशकात मी शहापूरच्या कॉलेजात नाव घालायला गेलो तेव्हा मामाच सोबत आले. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि ऑफिस म्हटलं की माझे वडील पायरीखालीच थांबायचे. कारकुनांनी विचारलं, "पालक कोण? काही ओळखपत्र?" मामांनी पिशव्या सोडून परवाना टेबलावर ठेवला. कारकून वाचता वाचता उभे राहिले, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "प्रवेश नाकारलेला नाही हो. फक्त फोटो चिकटवायचा राहिलाय." मी पदवीधर झालो त्याची सुरुवात अशी झाली. परीक्षेची फी भरायलाही पुढची तीन वर्षं तेच आले, दर वेळी परवाना घेऊन.

भात निघाल्यावर शेतात वाल लागायचा आणि वालावर रानडुकरं यायची. मामांचा नियम असा, की काही हललं तर आधी तीन वेळा हाक मारायची, "कोन हाय रे?" आणि उत्तर आलं नाही तरच बार काढायचा. तोही आभाळात. तिसऱ्या हाकेपर्यंत डुकरं ओढा ओलांडून गेलेली असत. शेजारच्या बांधावरून कुणीतरी ओरडायचं, "अरे, त्यांना चा तरी पाज मंग!" मामा शांतपणे सांगायचे, "डुकराला बोलता येत नाय. मानसाला येतं. एवढी तरी सवड द्यायला नको?"

एका वर्षी डुकरांनी निम्मं गाव लुटलं, तेव्हा देवळासमोर सभा बसली. तरुण पोरांचं म्हणणं, घरटी एक बंदूक मिळाली पाहिजे. शाळेचे गुरुजी म्हणाले, आहे तीच काढून घ्या, दारू पिऊन भांडणाऱ्या गावाला बंदुका कशाला? मी तेव्हा राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होतो. उठलो आणि स्वसंरक्षणाच्या हक्कावर पाच मिनिटं बोललो. टाळ्याही पडल्या. मग मामा उठले.

"भाच्या, हक्क मत देन्याचा. तो कोन परत मागत नाय. बंदूक दर विलेक्शनला जमा कराया लागते. परत मागतात ती वस्तू आपली नसते रे, सांबालायला दिलेली असते. ज्याला ती परत देताना जड जाईल, त्याला देऊच नये."

"तुजी असून काय उपेग? एक डुक्कर तरी पडलाय काय?" मागून एक पोरगा बोलला आणि सगळी सभा हसली. मामाही हसले, पण परतताना माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनीच, धुक्याच्या एका पहाटे, वालात काळं काही हललं. मामी ही गोष्ट हसत हसत सांगायच्या. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. मामी काळं घोंगडं पांघरून शेंगा तोडत होत्या आणि नवऱ्याची हाक ऐकूनही फुगून गप्प राहिल्या. दुसरी हाक आली, तरी गप्प. तिसऱ्या हाकेला मात्र ओरडल्या, "मी हाय! डोलं फुटलं काय तुमचं?" इथे त्या इतक्या हसायच्या की डोळ्यांना पदर लावायच्या. मामा त्या वेळी उठून गोठ्यात जायचे.

दोन महिन्यांनी निवडणूक लागली. मामांनी नेहमीप्रमाणे बंदूक पोलीस स्टेशनला जमा केली. मतमोजणी झाली, तालुक्यातल्या बाकी परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका परत नेल्या. मामा गेलेच नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आता झेडपीची येल. मंग पंचायतीची. कशाला उगा तिला हेलपाटे?" बाजाराच्या दिवशी मात्र खोबरेल तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ते स्टेशनला जायचे आणि हवालदारांसमोर बसून तिला पुसून यायचे. हवालदार म्हणायचे, "मामा, घरी घेऊन जा ना एकदाची." मामा म्हणायचे, "हितंच बरी हाय. तुमी लोक जागे असता."

परवान्याची मुदत संपत आली. नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागणार होता आणि मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तोवर मी वाशिंदला शाळेत शिकवू लागलो होतो. मामी म्हणाल्या, "ऑपरेशन करून घ्या म्हनावं यांना. गाव यांना बंदूकवाले म्हनतं. उद्या काय म्हनंल?" मीही तेच सांगायला गेलो. मामांनी मला गोठ्यामागे नेलं.

"त्या दिशी नली आभालात नव्हती रे," ते म्हणाले. "वालात होती. बोट घोड्यावर. पोरं हसली होती ना, मला एक डुक्कर पाडायचाच होता. ती तिसऱ्यांदापन रुसली असती तर?" मग म्हणाले, "डोलं येतील. पन नलीच्या टोकाला एकदा ती दिसली, ती जात नाय. तिला सांगू नको. हसू दे तिला."

बंदूक सरकारजमा करण्याचा अर्ज मी लिहिला. कारण म्हणून 'वयोमानामुळे' असं घातलं. त्यांनी तो वाचून घेतला आणि खोडायला लावला. "मला नीट दिसत नाय, असं लिव." स्टेशनात तो मोठ्याने वाचला गेला, बाकावर गावातली दोन माणसं बसलेली असताना. मामांनी मान खाली घातली नाही. सही केली, परवान्याचं पुस्तक दिलं, पोच घेतली. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं, पण त्यानंतर. आधी केलं असतं तर ती परत आणायला निमित्त मिळालं असतं, असं म्हणाले.

अर्ज दिला त्या दिवशी, स्टेशनातून निघून मुरबाड स्टँडवर एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं, "थकलात का मामा?"

"नाय रे. हाताला कायतरी धरायची सवय लागलेली हाय."

त्यांची एक गाडी गेली, मग दुसरी गेली. त्यांनी हात काढला नाही, आणि मीही गाडी आल्याचं त्यांना सांगितलं नाही.