परकराखाली वाळवलेले कपडे

कानडी मुलखात, चिकपेटेतल्या आमच्या घरात बायकांचे आतले कपडे कधी ऊन बघत नसत. ते न्हाणीघरातल्या दोरीवर, ओल्या परकराखाली लपवून वाळत घालायचे, म्हणजे वाळायचेच नाहीत, असा सासूबाईंचा दंडक. नव्वदच्या दशकात मी तिथे सून होऊन आले आणि वर्षभर निमूटपणे दमट कपडे अंगावर चढवले.

मग घसा धरला म्हणून अँटिबायोटिक घेतलं आणि खाज सुरू झाली. ऑफिसात खुर्चीवर बसवेना. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायचं, वास काही नाही, लघवीला आग. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी जंतुनाशकाच्या पाण्याने धुवायला लावलं. त्याने सालटी निघाली. वर मुलाचे कान भरले, की नोकरीवाल्या बायका असले रोग बाहेरून घेऊन येतात. नवऱ्याने ते खरं मानलं आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. तो अपमान मी गिळला, पण पचवला नाही.

शिवाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ही साधी बुरशी. अंगातच असते, अँटिबायोटिकनंतर माजते, कुणाकडून आणावी लागत नाही. झोपताना आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. साबण आणि जंतुनाशक बंद, कपडे सुती आणि खडखडीत वाळलेले. पन्नाशीनंतर कुणाला हे झालं तर आधी साखर तपासावी, असंही बोलता बोलता म्हणाल्या. आठवड्याभरात मी बरी झाले. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो नुसता "बघू" म्हणाला.

त्या दिवसापासून मी माझे कपडे गच्चीवर, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात वाळत घालू लागले. सासूबाईंचा नुसता तिळपापड. मला फार बरं वाटायचं.

दिवाळीनंतर एकदा त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "स्वल्प खाज येतीय गं. तुझी ती गोळी उरलीय का?"

मी म्हटलं, गोळी नको, साखर तपासायला उद्याच घेऊन जाते. मात्र काय होतंय ते आधी मुलाला तुमच्याच तोंडाने सांगा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोळ्या लाटत राहिले.

जेवताना त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "हिला झालेलं तेच मला पण झालंय."

मी नवऱ्याला आमटी वाढली. "अहो, आईंनी हे कुठून आणलं, ते तुम्ही विचारता, की मी विचारू?"